मधली तीन वर्षं कोणाची?

मूल पहिलीत गेलं की घरात सोहळा असतो. नवं दप्तर, नवी पाण्याची बाटली, शाळेच्या फाटकात फोटो. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रवेशोत्सव होतो, कुठे गुलाबाचं फूल देतात, कुठे बैलगाडीतून मिरवणूक काढतात. तेच मूल दहावीत गेलं की घरातला टीव्ही बंद होतो, लग्नाच्या तारखा मागेपुढे होतात आणि आत्यापासून शेजाऱ्यापर्यंत जो तो 'कसा चाललाय अभ्यास?' विचारू लागतो. सहावीतल्या मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. 'अजून वेळ आहे की' म्हणता म्हणता सहावी जाते, सातवी जाते, आठवीही जाते.

सरकारचं लक्षही असंच दोन टोकांना वाटलं गेलंय. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधी गणितं यावीत, हे त्याचं उद्दिष्ट. चांगलंच आहे ते. दुसऱ्या टोकाला दहावीची बोर्डाची परीक्षा: तिचे निकाल, टक्केवारी, कॉपीमुक्त अभियान, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या. या दोहोंच्या मध्ये सापडलेली अकरा ते चौदा वयाची मुलं कुणाच्या यादीत नाहीत. ज्या वर्षांत आवाज फुटतो, पाळी सुरू होते, 'असंच का?' हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारावासा वाटतो, नेमक्या त्याच वर्षांत आपण त्यांना वाऱ्यावर सोडतो.

मी अनेक वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. आता गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहे. त्यामुळे वर्गात जाऊन बसायला मिळतं, आणि मुलांशी आता माझी ओळख झाली आहे.

एकदा सातवीत अपूर्णांकांची बेरीज चालली होती. फळ्यावर १/२ + १/४ होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं वहीत उत्तर लिहिलं होतं २/६. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"तुमचं रान किती रे?"

"दीड एकर, मॅडम."

"त्यात ऊस किती?"

"पाऊण एकर. तीस गुंठं. बाकीच्यात भुईमूग हाय."

"बरं, अर्धा एकर आणि पाव एकर मिळून किती होतात?"

"पाऊण." क्षणभरही विचार न करता तो म्हणाला.

मी त्याच्या वहीतल्या २/६ वर बोट ठेवलं. २/६ म्हणजे एक तृतीयांश. एकराचा एक तृतीयांश म्हणजे तेरा-साडेतेरा गुंठे. अर्ध्यात पाव मिळवून त्याच्या वहीत अर्ध्याहूनही कमी उरलं होतं. "मग हे काय?" मी विचारलं.

त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "ते गणितातलं हाय, मॅडम."

या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळं त्याला रानात, बाजारात, काट्यावर येतं. बापाबरोबर पाण्याच्या पाळीचा हिशोब करताना तो चुकत नाही. पण वहीतलं गणित हा त्याच्या लेखी वेगळाच प्रांत आहे आणि तिथे आपली अक्कल चालवायची नसते, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलंय. तिसरी-चौथीत वाटणी करून, वस्तू हाताळून जे शिकवलं जातं आणि नववी-दहावीत चिन्हांनी जे शिकवलं जातं, त्यांचा सांधा जुळतो तो याच वर्षांत. ठोस वस्तूंकडून अमूर्ताकडे जायचं वय हेच. त्या वेळी शेजारी बसून 'तुझा पाऊण एकर आणि हा ३/४ एकच आहे' हे दाखवणारं कुणी भेटलं नाही, तर मूल पुढची सगळी वर्षं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतं.

आणि हा मुलगा एकटा नाही. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या जेमतेम ४६ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं भागाकार न येताच हायस्कुलात पोचतात. तोवर पुस्तक बहुपदी आणि चलांवरच्या समीकरणांपर्यंत पुढे गेलेलं असतं. शिक्षकाला थांबता येत नाही, कारण त्याला 'पोर्शन' पूर्ण करायचा असतो.

कायदा वाचला तर वाटतं, सगळं ठरलेलंच तर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वेगळे निकष आहेत: वर्षाला किमान २२० दिवस शाळा, अध्यापनाचे १००० तास, दर ३५ मुलांमागे एक शिक्षक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवाच. शंभराच्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर ५+३+३+४ अशी रचना करून सहावी-सातवी-आठवीला स्वतंत्र टप्पाच मानलं, दप्तराविना दहा दिवस सुचवले, हातानं काही करायला शिकावं म्हणून स्थानिक कारागिरांकडे जायला सांगितलं.

कागदावरून शाळेच्या पायरीपर्यंत येताना मात्र यातलं बरंच गळतं. आमच्या शाळेत गणित-विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकाची जागा रिकामी आहे. भाषेचे सर गणितही घेतात आणि विज्ञानही. माणूस मनापासून शिकवतो, पण यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची, माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी करायच्या, मतदारयादीचं काम करायचं, तालुक्याला सभेला जायचं, यातून उरेल तो वेळ तीन वर्गांना वाटायचा. शिक्षकाला दोष देऊन मोकळं होणाऱ्यांनी एक आठवडा त्या व्हरांड्यात बसून पाहावं.

शिक्षक किती मिळणार हे संचमान्यता ठरवते, आणि संचमान्यता ठरते पटावर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी पट असलेल्या अनेक शाळांमध्ये या वर्गांना एकही शिक्षक मंजूर झाला नाही. पट कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पालक मुलं काढतात, म्हणून पट आणखी कमी. हे चक्र डोंगरकपारीच्या, वाड्यावस्त्यांच्या शाळांवर सगळ्यात आधी फिरतं. तिथल्या मुलांची संख्या कमी असणं हा त्यांचा गुन्हा नव्हे. सतरा मुलांनाही अपूर्णांक शिकायचेच असतात. दोन-तीन जवळच्या शाळांत मिळून एक गणित-विज्ञानाचा शिक्षक, आठवड्याचे ठरलेले दिवस, प्रवासभत्ता हक्कानं, एवढी सोय तरी करता येईल. पद शून्य करण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

अंतराचा प्रश्न याच्याच पोटातला. आपल्याकडे कितीतरी शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवीला संपतात. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि आठवीपर्यंतची तीन, असं नियम सांगतो. नकाशावरच्या तीन किलोमीटरमध्ये ओढा असतो, घाट असतो, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा फरशी पूल असतो. ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण साडेदहाच्या शाळेसाठी गाडी सकाळी सातला येते आणि परतीची गाडी कधी अंधार पडल्यावर. घरात हिशोब होतो आणि मुलीला 'राहू दे आता' म्हटलं जातं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्या लग्नांची सुरुवात बऱ्याचदा बंद पडलेल्या सातवी-आठवीतून होते. शाळेत जाणारी मुलगी पाहुण्यांना लहान दिसते आणि घरी बसलेली मोठी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे आणखी उघड दिसतं. तिथे मजुरी मोजतात 'कोयत्या'वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. लहान लेकरू बरोबर नेलं तर त्याला सांभाळायला कुणी लागतं. आठ वर्षांच्या पोरीचा फार उपयोग नसतो. बारा वर्षांची पोर मात्र पाणी आणते, भाकरी थापते, धाकट्याला खेळवते. तेरा वर्षांचा मुलगा वाढं बांधतो. म्हणजे मूल कामाला उपयोगी पडू लागतं तेव्हाच त्याची शाळा सगळ्यात धोक्यात येते. हंगामी वसतिगृहांची योजना याच मुलांसाठी आहे. दिवाळीनंतर टोळी निघते, तेव्हा वसतिगृह चालू असायला हवं. मंजुरी रेंगाळून ते जानेवारीत सुरू झालं, तर तोवर पोरं फडात गेलेली असतात. पाच-सहा महिन्यांनी ती परत येतात, आणि वर्ग तेव्हा परीक्षेच्या तयारीत असतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी होती. बारा वर्षं म्हणजे आजची सहावी-सातवी. त्या काळी इतकं मागणं हेच केवढं धाडस होतं! पुढे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा आली. 'जुनी फायनल' झालेली माणसं मास्तर झाली, तलाठी झाली, त्यांचं अक्षर आणि हिशोब गावात दाखल्यासारखे सांगितले जायचे. तेव्हा सातवीला स्वतःचं वजन होतं. त्या सातवीपर्यंत फार थोडी मुलं पोचायची हेही खरं, मुली तर त्याहून कमी. आता बहुतेक सगळी पोचतात. हा शंभर वर्षांच्या कष्टाचा विजय आहे. म्हणूनच ती तिथे पोचून रिकाम्या हातानं बसलेली पाहवत नाहीत.

मग उपाय म्हणून काय सुचलं, तर आठवीला नापास करणं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. मला हे पटत नाही. ज्या मुलाचा भागाकार चौथीत निसटला, त्याला आठवीत अडवून त्याच वर्गात, तेच पुस्तक देऊन बसवलं, तर त्याला भागाकार कोण शिकवणार? शिवाय मोफत शिक्षणाचा हक्कच चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो. याच कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून खासगी शाळेत गेलेल्या मुलांचीही नववीपासून फी सुरू होते. ज्या उंबऱ्यावर हक्क संपतो, त्याच उंबऱ्यावर आपण नापासाचा शिक्काही ठेवला आहे. परीक्षा घ्याच, पण ती सहावीच्या जूनमध्ये घ्या. कुणाला काय येत नाही हे तेव्हा कळलं तर हातात तीन वर्षं असतात, कायद्याच्या हिशोबानं तीन हजार तास.

चांगलं काही होतच नाही असं मुळीच नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नेमक्या याच वर्गांसाठी एक मोठा प्रयोग तीस वर्षं चालला, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी आठवण कुणी काढत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतलं. १९७८ पर्यंत ते सगळ्या होशंगाबाद जिल्ह्यात गेलं. १९८२ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. खेड्यातल्या सरकारी शाळेत चार-चार मुलांच्या टोळ्या करून मुलं फुलं उघडून पाहायची, पाण्याचे थेंब मोजायची, निरीक्षणं स्वतःच्या शब्दांत लिहायची. परीक्षेला पुस्तक बरोबर न्यायला परवानगी होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. प्रयोगाची परीक्षा वेगळी. मुलं 'सवालीराम'ला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरं यायची. शिक्षकांचं प्रशिक्षण व्हायचं, नंतर ते महिन्याला एकत्र बसून वर्गात काय अडलं यावर बोलायचे. मला यातली ही महिन्याची बैठकच सगळ्यात मोलाची वाटते. शिक्षकाला 'मलाही हे कळत नाही' असं उघड म्हणता येईल अशी जागा आपण किती शाळांत ठेवली आहे?

या कामाचा पुण्याशीही धागा आहे. आयआयटी कानपूरमधून शिकलेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादेत या कार्यक्रमात काम करायला गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, घन, चतुष्फलक करायची त्यांची रीत तिथलीच. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की तिरका होतो. हे हाताला कळलेलं मूल छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात हे कधी विसरत नाही. काड्यांना आणि ट्यूबला फारसे पैसे लागत नाहीत, हेही लक्षात घ्या. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनी, खेड्यातल्या मुलांबरोबर तीस वर्षं करून दाखवलेली गोष्ट एका आदेशानं थांबली. त्याची हळहळ मला आजही वाटते.

आपल्याकडे पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यात तो सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय कितीतरी हायस्कुलांत आठवीपासून शिकवला जातो. आठवड्यातला एक दिवस मुलं वेल्डिंग, वीजजोडणी, रोपवाटिका, स्वयंपाक असं काही करतात. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे चिक्की. माप चुकलं की जोड बसत नाही, म्हणून माप घ्यायला शिकतात. धोरणातल्या दहा दप्तरमुक्त दिवसांचं काय करायचं, असं शाळा विचारतात. त्यांनी पाबळला एकदा जाऊन यावं. मला वाटतं हे सहावीपासूनच सुरू व्हायला हवं, आणि वर्षातले दहा दिवस कमीच आहेत.

आमच्या समितीनं काय केलं, तेही सांगते. मोठं काही नाही. जूनमध्ये सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचायला दिला आणि चार गणितं घातली: हातच्याची वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांकाची बेरीज. गुण दिले नाहीत, नावंही जाहीर केली नाहीत. मग सरांनी वेळापत्रकात पहिली तासिका मोकळी केली आणि त्या तासाला तिन्ही वर्गांची मुलं इयत्तेप्रमाणे न बसता येण्याप्रमाणे बसू लागली. आठवीतली मुलगी सहावीतल्या मुलाशेजारी भागाकार करते. सुरुवातीला आठवीच्या मुलग्यांना लाज वाटली, दोघे-तिघे त्या तासाला यायचेच नाहीत. गावातली डी.एड. झालेली एक मुलगी आणि निवृत्त गुरुजी मदतीला येतात. आम्ही गुंठ्यांवर गणितं करतो, दुधाच्या फॅटवर करतो, एसटीच्या वेळापत्रकावर करतो. तो २/६ लिहिणारा मुलगा आता छेद सारखे करतो, कधी अजूनही घसरतो. कारखाना सुरू झाला की हजेरी घटते. त्यावर आमच्याकडे पुरेसं उत्तर नाही.

दुसरं काम मुलींच्या स्वच्छतागृहाचं. दार होतं, कडी नव्हती. नळ होता, पाणी नव्हतं. पाळीच्या दिवसांत सातवी-आठवीच्या मुली घरीच राहायच्या. हजेरीपत्रक नीट पाहिलं तेव्हा ते दिवस स्पष्ट दिसले. सादिलातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीतून, कडी, बादली, झाकणाचा डबा घेतला, टाकी ग्रामपंचायतीनं बसवून दिली. हे काम करायला धोरण लागत नाही, पण समितीच्या बैठकीत हा विषय मोठ्यानं काढणारी बाई लागते. कायद्यानं समितीत निम्म्या महिला आणि तीन चतुर्थांश पालक असतात. त्या आयांना नुसती सही करायला न बोलावता बोलायला बोलवलं पाहिजे.

तुमच्या गावात, वॉर्डात शाळा असेल तर जाऊन विचारा. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान कोण शिकवतं आणि ते काय शिकून आलेत? भागाकार न येणाऱ्या मुलासाठी दिवसातला कोणता तास राखलेला आहे? सातवीतून गेल्या वर्षी किती मुली आठवीत गेल्या आणि ज्या गेल्या नाहीत त्या कुठे आहेत? शाळा विकास आराखडा दाखवा म्हणा, तो मागायचा पालकांना हक्क आहे. उत्तरं मिळाली नाहीत तर तेच प्रश्न ग्रामसभेत विचारा.

आमच्या ग्रामसभेनं २ ऑक्टोबरला ठराव केला: रिक्त असलेलं गणित-विज्ञान पदवीधर शिक्षकाचं पद भरावं, ते होईपर्यंत आमच्या केंद्रातल्या (शाळासमूहातल्या) शेजारच्या शाळेतले शिक्षक आठवड्यातून दोन दिवस द्यावेत आणि हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू करावं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली, पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. आता जिल्हा परिषदेकडे स्मरणपत्र द्यायचं आहे. ते लिहून तयार आहे, सोबत आठवीतल्या मुलांनी स्वतः लिहिलेला अर्जही जोडला आहे. 'आम्हाला विज्ञानाचे प्रयोग करायचे आहेत, सामान कपाटात आहे, किल्ली सरांकडे आहे, पण शिकवायला कोणी नाही', असं त्यात लिहिलंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा अर्ज तीच मुलं वाचून दाखवणार आहेत.